एका गाडीत तीस माणसे

८ जून २०२० ला माझी ड्यूटी पठाणवाडीच्या थांब्यावर होती. मालाड पूर्व, पश्चिम द्रुतगती महामार्ग, शहराकडे जाणारी बाजू. बेस्टमध्ये, म्हणजे मुंबईच्या बससेवेत, वाहतूक निरीक्षक म्हणून मी मुंबईचे पाऊस पाहिले, बंद पाहिले, लोकल ठप्प झालेल्या संध्याकाळी पाहिल्या. पण त्या सकाळसारखी सकाळ पुन्हा पाहिली नाही.

कोरोनाच्या लॉकडाऊननंतर निर्बंध टप्प्याटप्प्याने उठवण्याच्या ‘मिशन बिगिन अगेन’चा तो टप्पा होता. खासगी कार्यालये दहा टक्के माणसांवर उघडणार होती. मार्चपासून फक्त अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांना घेऊन धावणाऱ्या आमच्या गाड्या त्या दिवसापासून सगळ्यांसाठी खुल्या झाल्या. लोकल मात्र बंदच होती. गाडीत एका बाकावर एकच प्रवासी आणि उभे जास्तीत जास्त पाच, असा नियम. म्हणजे तीस माणसे झाली की गाडी भरली.

कोरोनाआधी मुंबईची लोकल दिवसाला ७५ लाखांहून जास्त माणसे वाहायची आणि बेस्ट तीसेक लाख. ऐन गर्दीच्या वेळी बारा डब्यांच्या एका लोकलमध्ये साडेचार हजार माणसे असतात. तीस माणसांच्या हिशेबाने तेवढ्यांना न्यायला दीडशे गाड्या लागतात, आणि तशी लोकल दर तीन-चार मिनिटांनी येत असते.

सहा वाजता पोहोचलो तेव्हा फूटपाथवर आखलेले चुन्याचे गोल भरून रांग कुरारकडे जाणाऱ्या रस्त्यात वळली होती. मास्क लावलेली, डबा-पिशवी घेतलेली माणसे, कित्येकजण अडीच महिन्यांनी घराबाहेर पडलेली. समोरून बोरिवली आणि दहिसरच्या गाड्या येत होत्या आणि न थांबता जात होत्या, कारण त्या तिकडेच भरलेल्या होत्या. वाहक दारातून दोन्ही हात हलवून ‘जागा नाही’ म्हणायचा. एखादी थांबलीच तर एक माणूस उतरायचा, एक चढायचा. त्यात लोकल नाही म्हणून ज्याच्याकडे गाडी होती त्याने ती बाहेर काढलेली. सातनंतर हायवे जवळजवळ उभाच राहिला. एप्रिलमध्ये मोकळ्या रस्त्यावर जी फेरी तासाभरात व्हायची, तिला आता दुप्पट वेळ लागू लागला.

माझ्यामागे गोलात एक मावशी उभ्या होत्या. परळच्या एका रुग्णालयात आया. लॉकडाऊनभर ओळखपत्र दाखवून त्या याच थांब्यावरून सरळ गाडीत चढायच्या; मी त्यांना चेहऱ्याने ओळखत होतो. त्या दिवशी पहिल्यांदाच त्या सगळ्यांसारख्या रांगेत, आणि बऱ्याच मागे. “साहेब, आठची ड्यूटी आहे. रात्रीची बाई मी गेल्याशिवाय सुटत नाही,” त्या म्हणाल्या. चिडून नाही, विनवणीनेही नाही, नुसतं सांगितलं.

तेवढ्यात एक गाडी थांबली आणि एक जागा मिळाली. रांगेत पुढे लोअर परळच्या कार्यालयात जाणारा तिशीतला एक मुलगा होता. दोन महिने अर्धा पगार, आणि आज हजर नाही झाला तर नोकरीची खात्री नाही. नियमाने जागा त्याची. मी रांगेकडे वळून मोठ्याने म्हणालो, “मावशींना दवाखान्यात पोहोचायचंय. कुणाची हरकत?” मागून कुणीतरी ओरडलं, “आम्ही काय फिरायला निघालोय?” तो मुलगा मात्र म्हणाला, “मावशींना जाऊ द्या साहेब. पण पुढची गाडी कुठे आहे ते सांगा.”

मावशी गेल्या. मी फोन काढला.

थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाची खरी अडचण त्या मुलाने एका वाक्यात सांगितली होती, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. माणूस उभा राहायला तयार असतो. आपल्या आधी दुसऱ्याला सोडायलाही तयार असतो. पुढे काय आहे हे कुणी खरं सांगितलं तरच.

दिंडोशी आगार थांब्यापासून जवळच. तिथे रिकामी गाडी मागितली. गाड्या होत्या, चालवायला माणसे नव्हती. आमचे कितीतरी चालक-वाहक वसई-विरारच्या पुढे, कर्जत-कसाऱ्याकडे राहतात. तेही लोकलनेच येणारे. काही आजारी होते. काहीजण तर पुन्हा कधीच ड्यूटीवर येणार नव्हते, आणि त्यांची नावे हजेरीच्या वहीत अजून होती. त्या दिवसांत गणवेश घालून घराबाहेर पडणाऱ्या प्रत्येक वाहकाबद्दल मला जो आदर वाटतो तो शब्दांत मांडणे कठीण आहे.

मग मी समोरच्या बाजूला पाहिले. शहराकडून बोरिवलीला परतणाऱ्या गाड्या जवळजवळ मोकळ्या होत्या. सकाळी उत्तरेकडे कोण जाणार? आणि बोरिवलीला जाऊन, भरून, त्या याच हायवेवर पुन्हा अडकणार होत्या. मी कंट्रोलला सांगितले, परतीची दर तिसरी गाडी पुढे न पाठवता पठाणवाडीलाच वळवू द्या, मी इथूनच भरून सोडतो.

बोरिवलीच्या निरीक्षकांचा लगेच फोन आला. “इथली रांग बघायला या एकदा. माझी गाडी तुम्ही कशी काय घेता?” ते वयाने माझ्याहून मोठे, आणि त्यांचा मुद्दा खोटा नव्हता. मी म्हणालो, “दादा, लांब गेलेली गाडी सकाळच्या गर्दीत एकच फेरी देते. इथून वळली तर दोन देईल. तुमच्याकडे भरलेली गाडी माझ्या रांगेला काहीच देत नाही.” ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “दर तिसरीच हां. दुसरी नाही.”

पहिली वळवलेली गाडी आली तेव्हा रांगेतून टाळ्या वाजल्या. तीस माणसे मोजून आत घेतली. लोअर परळचा मुलगा खिडकीशी बसला. त्यानंतर प्रत्येक गाडीच्या आधी मी रांगेच्या शेवटापर्यंत चालत जाऊन सांगत राहिलो: पुढची वळवायची गाडी आता अंधेरीला आहे, आता गोरेगावला आहे, या गोलापर्यंतच्यांना जागा मिळेल, त्यामागच्यांनी सावलीत थांबा. रांग होती तेवढीच राहिली, भांडणे मात्र थांबली.

दुपारी गर्दी उतरल्यावर एका वाहकाच्या मशीनवरची तिकिटे पाहिली. जुलै २०१९ मध्ये भाडे कमी झाल्यापासून पाच किलोमीटरपर्यंत ५ रुपये, मग १०, १५ आणि पंधरा किलोमीटरच्या पुढे २०, असे तेव्हाचे दर होते. या थांब्यावर एरवी पाचची तिकिटे सगळ्यांत जास्त फाटायची. लोक घर ते स्टेशन एवढेच बसने जातात, आणि एकच जागा एका फेरीत तीन-चार जणांच्या उपयोगी पडते. त्या दिवशी बहुतेक तिकिटे पंधरा आणि वीसची होती. जो बसला तो थेट दादर-परळपर्यंत हलला नाही. आमची गाडी अचानक लोकलचे काम करत होती, आणि वेळापत्रक अजून स्टेशनला माणसे पोहोचवणाऱ्या बसचे होते. नुसत्या गाड्या वाढवून हे सुटणारे नव्हते. कुठली गाडी कुठून सुटावी हेच नव्याने मांडायला हवे होते.

संध्याकाळी अहवालात तेच लिहिले. तिकिटांचा तपशील जोडला आणि मागणी केली की सकाळच्या काही फेऱ्या बोरिवलीऐवजी मधल्या थांब्यांवरून, रिकाम्या सुरू कराव्यात. दुसऱ्या दिवशी दिंडोशीहून दोन गाड्या थेट माझ्या थांब्यावर लागल्या. मी त्यांच्या वेळा पुठ्ठ्यावर मार्करने लिहून खांबाला बांधल्या.

१५ जूनला अत्यावश्यक कर्मचाऱ्यांसाठी लोकल सुरू झाली आणि रांगेतली रुग्णालयांची माणसे कमी झाली. सर्वसामान्यांना ठरावीक वेळांत का होईना, लोकलमध्ये पाऊल ठेवायला १ फेब्रुवारी २०२१ उजाडावा लागला. मधल्या काळात त्या पुठ्ठ्यावरच्या वेळा बऱ्याचदा बदलल्या. बदल झाला की आदल्या संध्याकाळी तिथे जाऊन नवी वेळ मी स्वतः लिहायचो.