आरशातला वैरी

"पाखरू तुमच्याच वळणावर गेलंय बघा," एवढेच बोलून सौ. स्वयंपाकघरात निघून गेली. मी मात्र सकाळपासून त्या एका वाक्यापाशी अडून बसलो आहे.

पाखरू म्हणजे जांभळा शिंजीर, जेमतेम 10 सेंटिमीटरचा जीव. राजारामपुरीतल्या आमच्या अंगणात तो जास्वंदीच्या मधासाठी येतो, पण सध्या मध राहिला बाजूला आणि स्कूटरच्या आरशाशी त्याचे हाडवैर जुंपले आहे. आरशाच्या दांडीवर बसून तो काचेतल्या नराला आव्हान देतो, बाकदार चोचीने टोचत सुटतो, आणि फारच चवताळला की बगलेतले एरवी न दिसणारे पिवळे-नारिंगी पिसांचे झुबके बाहेर काढतो. सावलीत तो नुसता काळा वाटतो, ऊन पडले की निळा-जांभळा झळाळतो. एवढे देखणे रूप लाभलेल्याने स्वतःच्याच प्रतिबिंबावर डूख धरावा?

पण मी कोणाशी भांडतो? या वयात घरातल्याच माणसाने असे म्हणावे, याचे वाईट वाटले. अण्णांच्या पत्राला मी उत्तर दिलेले नाही हे खरे, परंतु त्यामागे... असो.

मादीचे मात्र या लढाईकडे लक्षच नाही. पिवळसर पोटाची, मातकट पाठीची ती चिमणी बाई दारावरच्या वायरीला घरटे टांगते आहे: कोळ्याच्या जाळ्याचे धागे, वाळकी पाने, सालीचे कपटे, आणि दारावर इवलीशी वळचण. हे सारे ती एकटीच करते, अंडीही एकटीच उबवते. नर उगवतो तो पिले चारायच्या वेळी. सौ.च्या नजरेतून हे सुटले असेल, हे संभवत नाही. परवा कपाट सरकवताना मी कुठे होतो, हे तिने विचारले नाही, हे तिचे उपकारच.

दुपारी आरशावर जुना पायमोजा चढवला, तर गृहस्थ शेजाऱ्यांच्या गाडीच्या आरशावर रुजू झाले. वळणाच्या बाबतीत तिच्या बोलण्यात तथ्य असावे.

विणीचा हंगाम संपला की या नराची झळाळी उतरते, तो जवळजवळ मादीसारखाच पिवळट दिसू लागतो आणि गळ्यापासून पोटापर्यंत तेवढा एक काळा पट्टा उरतो. हे मी सौ.ला मुद्दामच सांगितलेले नाही; "मग तुमचा हंगाम कधी संपायचा?" असे ती विचारल्याशिवाय राहणार नाही.