तुम्ही विचारलंत म्हणून: त्या कोकलणाऱ्या ऑर्गनबद्दल

प्रश्न तोच असतो, विचारणारा बदलतो. मिरजेत उरुसाच्या मैफलीला गेलं की गाण्यातली मंडळी विचारतात, पुण्याचे मित्र फोनवर विचारतात, मेहुणी तर मला जेवायला वाढता वाढता विचारते: "तानपुरे बनवणाऱ्यांच्या घरात वाढलात, आणि स्पेनमधल्या चर्चांतले ते नळ्यांचे कोकलणारे ऑर्गन ऐकत हिंडता. कानांना काही होत नाही?" परवा एका मित्राने मी पाठवलेली क्लिप ऐकून ‘स्वारगेटला सगळ्या एसट्यांनी एकदम हॉर्न दिले’ असं कळवलं. इतके दिवस हसून सोडून द्यायचो. आता हसू येईनासं झालंय, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी त्या क्लिपबद्दल. फोन ऑर्गनच्या पुढ्यात धरून घेतलेली क्लिप कर्कश येणारच. हा आवाज फोनसाठी काढलेला नाही, एका विशिष्ट जागेसाठी काढलेला आहे. स्पेनच्या जुन्या कॅथेड्रलांत गाणाऱ्या धर्मगुरूंची जागा, म्हणजे कोरो, चर्चच्या ऐन मध्यात असते आणि तिला तीन बाजूंनी भिंती असतात. ऑर्गन जर्मनीतल्यासारखा मागच्या दारावरच्या सज्जात नसतो, तर कोरोच्या बाजूला खांबांच्या मधोमध चढवलेला असतो, आणि मोठ्या ठिकाणी त्याच्या समोर दुसरा. सालामांकाच्या नव्या कॅथेड्रलमध्ये पेद्रो दे एचेवारियाचा 1744 चा ऑर्गन आहे, तो असाच. ग्रानादात दोन आहेत, मालागात दोन आहेत, एकमेकांकडे तोंड करून. त्यांच्या छातीतून तुताऱ्यांच्या नळ्या आडव्या बाहेर येतात. स्पॅनिश कारागीर याला ‘बातालिया’ मांडणी म्हणतात. उभ्या नळीत वरून धूळ पडते आणि आतली पितळी पत्ती अडकते. आडव्या नळीत ती भीती कमी. सुरात लावायला हात सहज पोचतो. पेटाऱ्यात जागा वाचते. आणि आवाज कोरोच्या भिंतींवरून समोरच्या खांबांवर आपटून, कमानींत फिरून मग खाली येतो. खाली येईपर्यंत त्याची धार गेलेली असते, चमक राहिलेली असते. तुम्ही ऐकता ती नुसती धार.

एवढं सांगितलं की पुढचा प्रश्न येतो: "म्हणजे स्पॅनिश ऑर्गन म्हणजे तुताऱ्याच ना?"

याला मीही जबाबदार आहे. सुरुवातीला मी ज्याला त्याला ‘बातालिया’च पाठवायचो. लढाईचा देखावा उभा करणाऱ्या रचना, एका बाजूने ललकारी, दुसऱ्या बाजूने उत्तर. तेव्हाचा मी सांगायचा की हाच स्पेनचा खरा आवाज. आताचा मी त्याला विचारतो: ऑर्गनसाठी लिहिणारा आंतोनियो दे काबेसोन 1566 मध्ये वारला. दुसरा रचनाकार फ्रान्सिस्को कोरेआ दे आराउहो, त्याचं ऑर्गन-रचनांचं मोठं पुस्तक 1626 मध्ये अलकाला दे एनारेसला छापलं गेलं. आडव्या तुताऱ्या रुळल्या त्या 17व्या शतकाच्या उत्तरार्धात. मग या दोघांनी काय ऐकून लिहिलं? त्यांचा ऑर्गन मुख्यतः फ्लाउतादोचा, साध्या कथलाच्या नळ्यांचा, धीम्या श्वासाचा. त्यात सगळ्यात लांब नळी आठ फुटांची असलेल्या रांगेला ‘तेरा वितींचा फ्लाउतादो’ म्हणतात आणि सोळा फुटांची असलेल्या रांगेला ‘सव्वीस वितींचा’. कारण मोजमाप पालमोत, म्हणजे वितीत. तेव्हाचा मी यावर गप्प बसत नाही. तो म्हणतो, अरे, पण सणाच्या दिवशी गावातल्या म्हाताऱ्या कोणत्या आवाजाला मान वर करतात? तुताऱ्यांच्याच ना? हेही खरंच आहे. आमचं भांडण तिथेच अडलंय.

एका गोष्टीवर मात्र दोघांचं एकमत आहे, आणि पेटी वाजवणाऱ्याला ती सांगितली की तो सरसावून बसतो. या ऑर्गनचा एकच की-बोर्ड मधोमध कापलेला असतो, मधल्या सा आणि कोमल रे यांच्या मधून. कोणत्या नळ्या बोलणार ते ठरवणारे खटके डाव्या अर्ध्याचे वेगळे, उजव्याचे वेगळे. डावा हात मऊ फ्लाउतादोवर, उजवा क्लारीनवर, म्हणजे तुतारीवर, किंवा कोर्नेता नावाच्या दुसऱ्या ठसठशीत आवाजावर. एकाच की-बोर्डवर साथ आणि गाणं दोन्ही. त्यासाठी खास रचना लिहिल्या गेल्या, ‘मेदियो रेजिस्त्रो’ नावाच्या, कोरेआने तर कितीतरी. गावच्या चर्चला दोन की-बोर्डांचा ऑर्गन परवडत नव्हता, त्यांना एकात दोन मिळाले.

आता ते, जे मी कुणाला सांगत नाही.

अब्बा इकडे आले होते. मी स्पेनमध्ये वायादोलिदला असतो, सुट्टीला एका ऑर्गन-कारागिराबरोबर जातो, तो नळ्या सुरात लावतो आणि मी की-बोर्डपाशी बसून तो सांगेल ती पट्टी दाबून धरतो. काम मजुरीचं आहे, पण कान तयार होतो. पालेन्सियाच्या बाजूला गव्हाच्या माळावर एक गाव आहे. त्या भागातल्या गावांत 18व्या शतकातले ऑर्गन बरेच वाचले, कारण 19व्या शतकात नवी फॅशन आली तेव्हा ते बदलायला पैसेच नव्हते. शहरांतले बदलले गेले, 1836 मध्ये सरकारने मठ बंद केले तेव्हा कित्येक गेले, वालेन्सियात, रचनाकार काबानीलेस जिथे वाजवायचा त्या कॅथेड्रलचे, 1936 मध्ये गेले. या गावाचा राहिला. सणाच्या आदल्या दिवशी आम्ही तिथे होतो आणि मी अब्बांना घेऊन गेलो होतो. इतकी वर्षं त्यांना फोनवर जे सांगत होतो ते एकदा ऐकवायचं होतं.

वाजवणाऱ्या बाईंनी तालमीसाठी थेट तुताऱ्याच काढल्या. लहान चर्च, नीट कोरो नाही, आवाजाला फिरायला जागा नाही. मी अब्बांकडे बघत होतो. ते दुसऱ्याच रचनेला उठले, टोपी सारखी केली आणि बाहेर गेले. मी गेलो तर चौकातल्या बाकावर पत्ते खेळणाऱ्या म्हाताऱ्यांकडे बघत बसलेले.

"दुकान सोडलंस ते हेच्यासाठी?" एवढंच म्हणाले.

तुम्हाला वाटेल, बापाने केव्हा ना केव्हा हे विचारायचंच होतं. मीही तसंच धरून चाललो होतो. पण त्यांनी ते रागाने विचारलं असतं तर मला उत्तर देता आलं असतं. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं. आमच्याकडे भोपळा पंढरपूरच्या बाजूने येतो, तो वाळवण्यापासून घोडीवर जवारी काढेपर्यंत, म्हणजे तार गुंजावी म्हणून ती टेकते त्या घोडीच्या माथ्याला हलका बाक देईपर्यंत, सगळं त्यांनी मला शिकवलेलं. जवारी काढायला मला बसवायचे तेव्हा इतरांना खोलीत बोलू देत नसत. आणि मी हे ऐकायला गेलो. मी काहीच बोललो नाही. पत्ते बघत बसलो.

सकाळी तुताऱ्या नव्हत्या, नुसतं सुरात लावणं होतं. अब्बा मागच्या बाकावर बसले होते, वेळ जायचा म्हणून. मी फ्लाउतादोवर सा आणि ग धरून ठेवले, कारागीर आत होता. मागून आवाज आला:

"थांब. तेच धर."

धरलं.

"गंधार बराबर हाय."

ज्यांनी तानपुरा जुळवलाय त्यांना कळेल ते काय म्हणत होते. खर्जाच्या तारेतून आपोआप निघतो तो गंधार. पेटीत तो नसतो. पेटीचा गंधार चौदा सेंटने चढा असतो (सेंट म्हणजे पेटीच्या दोन शेजारच्या सुरांतल्या अंतराचा शंभरावा भाग), आणि याच कारणाने जाणकार पेटीवर नाराज होते. 1940 च्या सुमारास आकाशवाणीने पेटीवर घातलेली बंदी तीस वर्षं टिकली, त्यातही हे एक कारण होतं. या जुन्या स्पॅनिश ऑर्गनमध्ये मात्र आठ ठिकाणी तो शुद्ध मिळतो. मी मनातल्या मनात टाळी वाजवली, तोवर अब्बा पुढे आले.

"आता पंचम दाब." दाबला. "हा कुणी उतरवला?"

पाच सेंट. पाच सेंटनेच उतरलेला असतो तो. माझ्याबरोबरच्या कारागिरालाही ते ऐकायला दोन सुरांच्या टकरीतून उठणारे ठोके मोजावे लागतात.

मी सांगितलं: सा वरून प, प वरून रे, रे वरून ध, ध वरून ग. चारही पंचम शुद्ध घेतले तर शेवटचा गंधार फार चढतो. म्हणून चौघांना थोडं थोडं उतरवायचं, मग गंधार जागेवर बसतो.

"मग एकच सा ठेवा. येवढं कशाला करायचं?"

"अब्बा, हे लोक सा बदलत जातात."

"बदलू नये."

यावर काय बोलणार? मी मुद्दाम त्यांना लांडगा ऐकवला. सगळे पंचम उतरवत गेलं की शेवटी उरलेली तफावत एका जोडीत साठते, कोमल ध आणि कोमल ग यांच्यात. तिथे पंचम पस्तीसेक सेंटनी चढा होतो आणि खरंच विव्हळतो. कारागीर त्याला लांडगाच म्हणतात. रचनाकार तिकडे सहसा फिरकतच नसत. अब्बा पहिल्यांदा हसले. "म्हंजे सगळा केर एका कोपऱ्यात लोटलाय तुम्ही."

तेवढ्यात कारागिराने क्लारीनची एक आडवी नळी उपसून आणली. बुडाशी गव्हाची धूळ आणि एक मेलेला पतंग. पत्ती सोडवून त्याने पुसली आणि अब्बांच्या हातात दिली, दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती म्हणून असेल. अब्बांनी ती खिडकीच्या उजेडात आडवी धरली. पितळेची पत्ती सपाट दिसते, पण टोकाकडे तिला अगदी हलका बाक दिलेला असतो, आणि नळी कशी बोलणार ते त्या बाकावर ठरतं. अब्बांनी तिच्यावरून नख फिरवलं, बाक जिथे सुरू होतो तिथे नख थांबलं.

"जवारी हाय ही." मग मला म्हणाले, "फार खुली काढलीया. जरा बंद कर म्हणावं हेला."

मी भाषांतर केलं. कारागीर म्हणाला, बाक कमी केला तर आवाज गोड होईल, पण सणाच्या दिवशी भरल्या चर्चमध्ये शेवटच्या रांगेत पोचणार नाही. अब्बांना हे पटलं नाही. तानपुरा शेवटच्या रांगेसाठी नसतो, तो गाणाऱ्याच्या कानासाठी असतो. दोघं आपापल्या जागी बरोबर होते आणि मी मधे दुभाषा.

तर कर्कश आहे का? अब्बांच्या मते आहे. माझ्या मते सालामांकात नाही, त्या गावात थोडा आहे, तुमच्या फोनवर फारच आहे. आणि हा आवाज फक्त स्पेनचा असंही नाही. फिलिपिन्सच्या लास पिन्यासमध्ये दिएगो सेरा नावाच्या स्पॅनिश पाद्र्याने 1824 मध्ये पुरा केलेला ऑर्गन आहे: 1031 नळ्या, त्यांतल्या 902 बांबूच्या. तुताऱ्या मात्र धातूच्या आणि आडव्याच. बांबूच्या फ्लाउतादोवर त्या किती वेगळ्या लागतात ते ऐका, मग माझ्याशी भांडा.

दुकान सोडण्याबद्दल मी अजून उत्तर दिलेलं नाही. इथे देईन असं वाटलं होतं, पण नाही जमत.

सध्या त्या गावात वेगळंच चाललंय. लग्नात आजची गाणी वाजवता येत नाहीत म्हणून पाद्रीबुवांना ऑर्गन बारा समान सुरांत लावून हवाय. कारागीर म्हणतो, मी हात लावणार नाही. माझं मत मागितलं, तेव्हा मी अब्बांना फोन केला. म्हटलं, समान केला तर पंचम जवळपास सरळ होईल, तुम्हाला हवा तसा.

"आणि गंधार?"

"जाईल. पेटीसारखा होईल."

"मग कशाला करायचं?"

"तुम्हीच तर त्या दिवशी पंचमावरून भांडलात."

"आजबी भांडतोय," अब्बा म्हणाले. "दोन्हीशी."

पाद्रीबुवांना हे स्पॅनिशमध्ये सांगायचं काम माझ्याकडे आहे.