स्लो जेट साफ केला तरी गाडी चोकवरच का चालते

जुनी गाडी काही महिने उभी राहिली की हे दुखणं ठरलेलं. चोक ओढून किक मारली की चालू होते, चोक बंद केला की गाडी पण बंद. रेस धरून ठेवली तर चालते, सोडली की गेली. अशा वेळी कार्बोरेटरचा (इंजिनला पेट्रोल आणि हवा मिसळून देणारा भाग) एअर स्क्रू, म्हणजे आयडलिंगच्या हवेचं प्रमाण ठरवणारा स्क्रू, थोडा आत-बाहेर फिरवून बघा, इंजिनच्या आवाजात काहीच फरक पडत नसेल तर स्लो जेटच्या (रेस सोडल्यावर पेट्रोल देणारी बारीक भोकाची पितळी नळी) लाइनमधे कचरा आहे असं समजायला हरकत नाही. आयडलिंग (रेस न देता चालणं) छान आहे पण पाऊणच्या पुढे रेस दिली की मिसिंग होतं, तर मग मेन जेट, म्हणजे जास्त रेसला पेट्रोल देणारा, बघायचा. पण बहुतेक वेळा स्लोच जाम असतो कारण त्याचं भोक सगळ्यात बारीक, अर्ध्या मिलीमीटरपेक्षाही कमी. कार्बोरेटरच्या तळाच्या वाटीतलं पेट्रोल उडून जातं आणि मागे वार्निशसारखा चिकट थर राहतो, तेवढा पुरतो. त्यात इथेनॉलवालं पेट्रोल ओलावा धरतं, मग वाटीच्या तळाला ती पांढरी पूड दिसायला लागते.

आता मला जे कळकळीने सांगायचंय ते हे की नुसता जेट साफ करून भागत नाही. खूप जण वाटी खोलतात, जेट काढतात, स्प्रे मारतात, परत बसवतात, गाडी तशीच, आणि मग नवीन कार्बोरेटर घ्यायच्या गोष्टी सुरू होतात. कचरा जेटच्या मागच्या पॅसेजमधे तसाच बसलेला असतो हो!

त्यामुळे कार्बोरेटर पूर्ण काढाच. एअर स्क्रू काढायच्या आधी तो हलक्या हाताने आत टेकेपर्यंत किती फिरतो ते मोजून लिहून ठेवा, आणि फ्लोट (वाटीतला तरंगणारा भाग), ओ रिंग, सगळं रबर बाजूला काढा, कार्ब क्लीनरने रबर फुगतं. जेट पितळेचा, मऊ असतो, खाचेत घट्ट बसेल असाच स्क्रू ड्रायव्हर घ्या, नाहीतर खाच जाते आणि जेट आतच राहतो. निघत नसेल तर जोर न लावता क्लीनर मारून रात्रभर ठेवून द्या.

मग स्प्रेची नळी एअर स्क्रूच्या भोकात धरून दाबा. जेटच्या जागेतून धार आली पाहिजे आणि स्लाइडच्या (रेस दिली की वर उचलला जाणारा भाग) खाली इंजिनच्या बाजूला जी टाचणीच्या टोकाएवढी भोकं असतात तिथूनही. एक भोक बोटाने बंद केलं की दुसऱ्याची धार जोरात येते, असं एकेक करून सगळी तपासायची. चष्मा घालाच, धार कुठून उलटी डोळ्यात येईल सांगता येत नाही. आणि हे काम मोकळ्या हवेत, आसपास आग नको.

जेट उजेडाकडे धरून बघा. भोक पूर्ण गोल, कडा स्वच्छ दिसली पाहिजे, अर्धचंद्र दिसला म्हणजे थर अजून आहे. इथे सुई किंवा स्टीलची तार अजिबात नको, भोक किंचित जरी मोठं झालं तरी पेट्रोल जास्त जातं, प्लग काळा पडतो आणि मग तो जेट बदलण्याशिवाय पर्याय नाही. वायरमधला तांब्याचा एकच बारीक तंतू चालतो, तोही आधी भरपूर भिजवून मगच, आणि शेवटी हवा मारायची. जेटच्या अंगाला आडवी भोकं असतील तर तीही बघा, ती हमखास विसरली जातात.

बसवताना एअर स्क्रू आधी होता तेवढाच उघडा, इंजिन चांगलं गरम झालं की आयडल सगळ्यात वर जाईल तिथे सेट करा आणि मग आयडल स्क्रूने (आयडलिंगचा वेग ठरवणारा वेगळा स्क्रू) खाली आणा. आता एअर स्क्रू फिरवल्यावर आवाज बदलायलाच हवा. बदलतो पण थोड्या दिवसांत परत तेच होतंय, तर टाकीत टॉर्च मारून गंज बघा. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून वाटी रिकामी करून ठेवा.