मालक देवळाच्या माथ्यावर बसले होते

१५ जानेवारीला, गावच्या अग्निउत्सवाच्या दिवशी, आमच्याकडे पाहुण्यांची रात्रीची पानं साडेपाचला मांडायची असतात. एरवी साडेसहाला. ओकामी-सान, म्हणजे आमच्या मालकीणबाई, डिसेंबरपासून मला हे बजावत होत्या. "त्या दिवशी घरात पुरुष माणूस नसणार. सगळं आपल्या तिघींवर." तिसऱ्या म्हणजे त्यांच्या सासूबाई.

मी मूळची संगमेश्वर तालुक्यातली. पुण्यात जपानी शिकले, परीक्षा दिल्या आणि जपानातल्या नोझावा ओन्सेन गावातल्या एका छोट्या र्‍योकानात, म्हणजे जुन्या पद्धतीच्या पाहुणघरात, नोकरीला लागले. नागानो प्रांताच्या उत्तरेला डोंगरउतारावर हे गाव आहे. हिवाळ्यात छपरांवर बर्फाचे थर चढतात आणि जमिनीतून मात्र कढत पाणी येतं. गावकीची १३ न्हाणीघरं आहेत. कुणीही जावं, अंघोळ करावी, दाराशी पेटी असते तीत जमेल ते टाकावं. ओगामा नावाच्या कुंडातलं पाणी तर इतकं कढत की गावातली माणसं त्यात भाजी उकडून नेतात.

आमचे मालक कमी बोलणारे. पहाटे पाचला दारापुढचं बर्फ फावड्याने ओढायचं, मग न्याहारीची पानं मोजायची, रात्री हिशेबाची वही. त्यांचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नव्हता. त्या वर्षी ते ४२ चे होते. आपल्या हिशेबाने ४१, पण या कामाला इथे जुनी मोजणी धरतात, जन्माचं वर्ष पहिलं. ४२ हे पुरुषाचं घातवर्ष. चार आणि दोन सुटे म्हटले की 'शि-नि' होतं, आणि तो मरणाचा शब्द. २५ हेही घातवर्षच. जपानात इतरत्र माणसं अशा वर्षी देवळात जाऊन शांत करून घेतात. नोझावात या दोन वयांच्या पुरुषांवर गाव आपला दोसोजिनचा उत्सव सोपवतं.

दोसोजिन म्हणजे वाटेचा, वेशीचा देव. बाहेरचं वाईट बाहेरच अडवणारा. जोडीने असतो, नवरा-बायको. आमच्या देव्हाऱ्यातही कागदाचे कपडे ल्यालेली लाकडी जोडी आहे. पहिल्यांदा ती पाहिली तेव्हा ओकामी-सान मला बराच वेळ समजावत होत्या, आणि माझ्या मनात 'राखणदार' हा शब्द कधीच येऊन बसला होता.

१३ तारखेला डोंगरातून दोन मोठाले वृक्ष दोरखंडांनी ओढत गावातून आणले. बुना म्हणतात त्या झाडाला, आपल्याकडे नाही. ओढणाऱ्यांत पंचविशीची मुलं होती. त्यांतली कितीतरी तोक्योत नोकरीला, खास रजा काढून आलेली. शिमग्याला गावी आलेले चाकरमानी आणि नाचवत आणलेलं होळीचं झाड आठवून माझा गळा दाटून आला. मुंबईहून येणारा माझा भाऊ असाच आदल्या रात्री पोहोचतो आणि सकाळी झाडाला खांदा देतो.

त्या झाडांभोवती १५ च्या दुपारपर्यंत देऊळ उभं राहिलं. शादेन म्हणतात त्याला. दहा मीटरहून उंच, लाकडांचं, वर फांद्यांचा भारा, आणि त्यावर माणसं बसतील एवढी जागा. मी मालकांना कोरडे मोजे द्यायला गेले होते, म्हणून जवळून पाहिलं. मनगटाएवढे दोर लाकडांना वेढे देऊन आवळलेले. मालक एका गाठीवर गुडघा रोवून दोर ओढत होते. बोटांच्या पेरांवर चिरा पडून रक्त सुकलेलं. मोजे घेतले आणि म्हणाले, "तीन नंबरच्या खोलीत जास्तीची गादी लागेल."

संध्याकाळी पाहुणे अकरा होते. मी प्रत्येकाला सांगितलं की सुती किंवा लोकरी कपडे घाला, नायलॉनच्या जाकिटाला ठिणगीने भोकं पडतात. १९९३ साली सरकारने हा उत्सव महत्त्वाचा लोकवारसा म्हणून नोंदवला, हेही सांगितलं. ओसाकाहून आलेल्या एका आजोबांनी विचारलं, "देवाचं घर गावकऱ्यांनी बांधायचं आणि गावकऱ्यांनीच जाळायचं, असं का?" मला उत्तर येईना. मी आत गेले. ओकामी-सान मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या साराच्या, वाट्या भरत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "जळणार तर आहेच. पण मागितलं आणि देऊन टाकलं, असं होऊ द्यायचं नाही." मी ते जसंच्या तसं आजोबांना सांगितलं. ते जेवता जेवता थांबले आणि मान हलवत राहिले.

आम्ही पोहोचलो तेव्हा माळावर विस्तव आला होता. गावातल्या एका जुन्या घरी गारगोटीने पाडलेला, मशालींवरून आणलेला. आदल्या वर्षी ज्यांच्या घरी पहिला मुलगा झाला त्यांनी उंच खांबांचे कंदील उभे केले होते. वर छत्री, खाली मुलांनी नववर्षाला गिरवलेल्या अक्षरांचे कागद फडफडत होते. एक आजी नातवाला पाठीशी बांधून आपल्या कंदिलाखाली उभी होती. बाळ झोपलं होतं.

आधी लहान मुलं, बापाचा हात धरून, इवल्या मशाली घेऊन पुढे गेली. साडेआठनंतर मोठी माणसं. देवळाच्या पायाशी पंचविशीची मुलं दोर धरून, देवळाकडे पाठ करून उभी. हातात पाइनची हिरवी फांदी. समोरून पेटती मशाल घेऊन माणूस धावत येतो, ती देवळाच्या लाकडात खुपसतो, आणि ही मुलं फांदीने झोडून ती विझवतात. मशाल त्यांच्या छातीवर, तोंडावर येते. पाइनच्या सुया तडतडतात, धूर डोळ्यांत जातो, मुलगा मान वळवतो पण दोर सोडत नाही. त्यांतला एक आमच्या शेजारचा. आदल्या दिवशी तो आमच्या ओट्यावर बसून लोणच्याबरोबर चहा पीत होता. आता त्याच्या समोर मशाल घेऊन उभा होता तो त्याचा सख्खा काका. काकाने चार वेळा हल्ला केला, चारही वेळा मनापासून. नंतर दोघे गळ्यात पडले आणि काका पुन्हा मशाल पेटवायला गेला. एवढं गंभीरपणे कुणी कुणाला आपलं मानताना मी फार कमी वेळा पाहिलं आहे.

माथ्यावर ४२ चे पुरुष बसले होते. खालचा जाळ वर चढत होता आणि ते दोसोजिनचं गाणं म्हणत होते. धुरात चेहरे दिसत नव्हते. मग एक आवाज ओळखीचा वाटला. घोगरा, उंच, सगळ्यांच्या पुढे जाणारा. हा आवाज रोज मला "गरम पाणी बघून घ्या" सांगतो, हे पटायला वेळ लागला. ओकामी-सान माझ्या शेजारी होत्या. त्यांनी एकदाही वर पाहिलं नाही. माझी बाही मात्र त्यांनी घट्ट धरली होती.

दहाच्या सुमारास टाळ्यांचा ठोका झाला आणि झुंज थांबली. वरचे पुरुष शिडीवरून उतरले. उतरणाऱ्यांची ओकामी-सानने मोजदाद केली, ओठ हलताना मला दिसले. मग देवळाला आग दिली. कंदीलही त्यात गेले. सगळा माळ उजळला, भोवतालचं बर्फ नारिंगी झालं, आणि ओसाकाच्या आजोबांनी हात जोडले.

मालक घरी आले तेव्हा मध्यरात्र उलटली होती. भुवया करपलेल्या, कोटाला जळका वास. पायरीवर बसले. बुटाच्या ओल्या नाड्या बोटांनी सुटेनात, तेव्हा ओकामी-सान खाली बसल्या आणि त्यांनी एकेक नाडी सोडवली. दोघं काही बोलले नाहीत. मी चहा ठेवला. त्यांनी वहीकडे बोट दाखवून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "न्याहारी अकरा, एक पान बिनमाशाचं." त्यांनी मान डोलावली.

सकाळी सासूबाईंबरोबर मी माळावर गेले. निखाऱ्यांवर गावातली माणसं मोची, म्हणजे कुटलेल्या चिकट तांदळाच्या वड्या, भाजत होती. त्या खाल्ल्या की वर्षभर दुखणं येत नाही म्हणतात. सासूबाईंनी दोन तुकडे मुलासाठी कागदात बांधून घेतले.

परत आलो तर दारापुढचं बर्फ काढून झालेलं होतं. नऊच्या बसने पाहुणे निघाले. मालक नेहमीप्रमाणे दारात उभे राहून कमरेत वाकले, ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. रात्रभरात गेला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मी त्यांच्या शेजारी जाऊन वाकले आणि त्यांच्या वतीने पाहुण्यांना म्हटलं, "माता ओकोशि कुदासाइ." पुन्हा यायचं हं.