पिठीचा फोटो कोण टाकणार?

"त्यात काय फोटो काढायचा गो, पिठी-भात तर आहे," शेजारच्या काकू सहज बोलून गेल्या आणि तेव्हापासून ते डोक्यातून जातच नाहीये.

आमच्या वाडीतल्या बायकांच्या ग्रुपवर आठवडाभर रात्रीच्या जेवणाचे फोटो चाललेत, पनीर, पुलाव, पावभाजी, छानच असतं सगळं. काकूंचा एकही नाही.

आणि मी गेले तेव्हा गॅसवर काय होतं? लसणीची खमंग फोडणी, त्यात पाणी, दोन आमसुलं, आणि घरी भाजून भरडून दळलेलं कुळथाचं पीठ गार पाण्यात कालवलेलं, ते एका हाताने ओतत दुसऱ्या हाताने ढवळत होत्या, एक गुठळी होऊ दिली नाही. बाजूला भाजलेला सुका बोंबील. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, ताजी मासळी फारशी नाही, मग आपल्या रत्नागिरीकडे पावसाळा निघतो तो अशाच जेवणावर ना! मग हे दाखवण्यासारखं नाही हे कोणी ठरवलं? खरंच वाईट वाटलं मला.

आठळ्यांची भाजी, टाकळा, सोड्याची खिचडी, जे झालं असेल ते टाका गं. काल रात्री तुमच्याकडे काय होतं?