बॅटरीच्या बुडातली स्प्रिंग

आमच्या गावाकडे टॉर्चला बॅटरीच म्हणतात, आणि आत घालतात तो सेल. आमचा सगळा धंदा या बॅटरीच्या बुडातला. मागचं झाकण फिरवून काढलं की जी निमुळती स्प्रिंग दिसते, ती आम्ही बनवतो.

भोसरी एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात सुरुवात केली तेव्हा एकच माल होता. २१ गेजची, म्हणजे साधारण ०.८ मिलिमीटर जाडीची स्प्रिंग स्टीलची तार. गुंडाळायची, भट्टीतून काढायची, निकेल प्लेटिंगला पाठवायची. त्या वेळच्या टॉर्चमध्ये दोन मोठे सेल आणि फिलामेंटचा बल्ब असे. करंट जेमतेम अर्धा अँपिअर. गिऱ्हाईक दोनच गोष्टी विचारायचं : सेल घट्ट बसतो का, आणि शेकडा भाव काय. आम्ही लोड टेस्टरवर स्प्रिंग दाबून किती दाबाला किती ग्रॅम येतात ते बघायचो आणि चलान फाडायचो. गाळ्यात करंट मोजायचं साधं मीटरसुद्धा नव्हतं.

मग कोकणातून गंजाची तक्रार आली. दोन पावसाळ्यांत स्प्रिंगा तांबूस पडल्या होत्या. वेटोळ्यांच्या आतल्या बाजूला प्लेटिंग पातळ चढतं, तिथूनच गंज धरतो. माझ्याकडे उत्तर तयार होतं : ३०४ स्टेनलेसची तार. गंज नाही, प्लेटिंगवाल्याकडे खेपा नाहीत, दिसायला चकचकीत. गिऱ्हाइकाला हे मीच सुचवलं, आग्रहाने. नेमकं त्याच वेळी त्यांनी बल्ब सोडून एलईडी आणि १८६५० मापाचा, परत चार्ज होणारा लिथियम सेल घ्यायचं ठरवलं. करंट अर्ध्या अँपिअरवरून ३ अँपिअरवर गेला. या दोन बदलांची सांगड माझ्या डोक्यात बसली नाही.

पहिली तक्रार घरातून आली. नव्या टॉर्चांपैकी एक मी दादाला दिली होती. गावाकडे शेतीपंपाची वीज बरेचदा रात्रीच येते. मोटार चालू करायला बांधावरून जावं लागतं, आणि वाटेत जनावराचं भय. दादा फोनवर म्हणाला, "अरं, तुझी बॅटरी आधी लख्ख असती, पर पाणी दुसऱ्या सरीत फिरवीस्तवर मंद होतीया." मी त्याला सेल नीट चार्ज करायला सांगितलं. आठवडाभरात गिऱ्हाइकाकडूनही तेच कळलं. मी स्प्रिंगा लोड टेस्टरवर लावल्या, सगळ्या हिशेबात होत्या. दोष एलईडीचा किंवा सर्किटचा असणार, असं मी त्यांना ठामपणे सांगितलं, आणि पुढचे आठ दिवस सांगत राहिलो.

शेवटी त्यांच्याकडची एक तरुण इंजिनिअर पॉवर सप्लाय घेऊन गाळ्यावर आली. म्हणाली, "सर, स्प्रिंग म्हणून ही चांगलीच आहे. पण हिच्यातून करंट जातो ना?" तिने आमच्या स्प्रिंगमधून ३ अँपिअर सोडले आणि दोन्ही टोकांना मीटर लावलं. ०.८ व्होल्ट. दहा-पंधरा सेकंदांत स्प्रिंगला हात लावता येईना.

त्या दुपारी मी आयुष्यात पहिल्यांदा स्प्रिंग सरळ करून तिच्याकडे तार म्हणून बघितलं. सरासरी १० मिलिमीटरची सहा वेटोळी म्हणजे जवळजवळ १९ सेंटिमीटर तार. एवढ्या लांब स्टेनलेसमधून करंट जात होता. सेल भरलेला असतो तेव्हा ४.२ व्होल्ट देतो. त्यातले ०.८ गेले तरी एलईडीला पुरतं, म्हणून आधी लख्ख. सेल ३.७ च्या आसपास उतरला की मागे २.९ उरतात. तेवढ्यावर पांढरा एलईडी पूर्ण पेटत नाही. दादाने अगदी बरोबर सांगितलं होतं. तो सगळा लॉट मी परत घेतला आणि एक पैसाही मागितला नाही.

तांब्याची वाहकता १०० धरली तर स्प्रिंग स्टीलची ९-१० येते आणि स्टेनलेसची अडीच. मग तांब्याचीच तार का नाही? कारण तांबं दाबलं की दबलेलंच राहतं, परत उसळत नाही. पितळ २८ पर्यंत जातं, पण तापलं की ढिलं पडतं. तांब्याचेच दोन मिश्रधातू उरतात : फॉस्फर ब्राँझ १५ च्या आसपास, बेरिलियम कॉपर २२ च्या पुढे. आम्ही फॉस्फर ब्राँझ धरलं.

पण ते मशिनवर चढवलं आणि नवीनच अडचण आली. त्याच मापाच्या ब्राँझच्या स्प्रिंगचा लोड निम्मा भरला, कारण स्टीलच्या मानाने ब्राँझचा ताठपणाच निम्मा. सेल खुळखुळायला लागला, आणि दाब कमी झाला की टेकलेल्या जागेचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, वाढतो. फिरून तेच. सुटका तारेच्या जाडीत होती. स्प्रिंगचा जोर जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, त्यामुळे ०.८ ऐवजी ०.९५ ची तार घेतली की ताकद भरून निघते. शिवाय जाड तारेत करंटला वाट ४० टक्के जास्त मिळते. ०.८ व्होल्टची घट ०.१ वर आली. तो आकडा मीटरवर बघितला तेव्हा मी लगेच घरी फोन केला होता.

बसवायला मात्र महिने गेले. ब्राँझ गुंडाळल्यावर स्टीलपेक्षा वेगळं उघडतं, म्हणून आर्बर, म्हणजे तार ज्यावर गुंडाळतात ते दांडे, बदलले. भट्टी २०० अंशांच्या आसपास ठेवावी लागली. आकार जास्त निमुळता केला, म्हणजे दाबल्यावर वेटोळी एकमेकांत बसतात आणि जाड तार जागा खात नाही. प्रत्येक स्प्रिंग पाठवण्याआधी एकदा पूर्ण दाबून सोडतो. जेवढं बसायचं तेवढं इथेच बसू दे.

बेरिलियम कॉपर आम्ही फक्त ऑर्डर असेल तरच करतो. महाग आहेच, ३१५ अंशांवर दोन-तीन तास भाजावं लागतं, आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक. त्यामुळे त्याचं ग्राइंडिंग आमच्या गाळ्यात होत नाही, गिऱ्हाइकाने कितीही सांगितलं तरी.

स्टीलही सोडलेलं नाही. लहान टॉर्च, ३०० मिलिअँपिअर करंट, तिथे निकेल चढवलेलं स्टील पुरतं. तिथे ब्राँझ घ्या म्हणणं म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे वाया घालवणं. फक्त प्लेटिंगनंतर तो माल लगेच भट्टीत गेला पाहिजे, नाहीतर प्लेटिंगमध्ये शोषलेल्या हायड्रोजनने तार ठिसूळ होते आणि दिवसा-दोन दिवसांनी आपोआप तुटते. याउलट ८-१० अँपिअरच्या टॉर्चला ब्राँझही कमी पडतं. तिथे स्प्रिंगच्या दोन टोकांना सिलिकॉनच्या वेष्टणातली मऊ तांब्याची वायर सोल्डर करून देतो. दाब स्प्रिंगने द्यायचा, करंट वायरने न्यायचा. हौशी लोक हे घरी करतात आणि बरोबर करतात. वायर थोडी सैल मात्र हवी.

आता गाळा स्वतःचा आहे. लोड टेस्टरशेजारी रोध मोजणारं चार तारांचं मिलिओहम मीटर असतं आणि लॉटच्या कार्डावर ग्रॅमबरोबर मिलिओहमही लिहिले जातात. तपासणीच्या टेबलावरच्या ताई दुसरा आकडा भरल्याशिवाय पेटी बांधू देत नाहीत.

दादाच्या टॉर्चमध्ये मी स्वतः ब्राँझची स्प्रिंग बसवून दिली. दोन पावसाळे झाल्यावर ती तपासायला मागवली. सेल टेकतो तिथे टोक घासून लकाकत होतं, बाकी अंग काळपट. मीटरवर ३३ मिलिओहम, नवी असताना ३२ होते. फडक्याने पुसून झाकण लावलं आणि संध्याकाळच्या एसटीने गावाला धाडून दिली, कारण त्या आठवड्यात वीज रात्रीचीच होती.