विशेषण नसलेली नोंद

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या आधीचा आठवडा होता. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका अंगणवाडीत आमच्या महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षाच्या छात्राध्यापिकेचा सराव पाठ होता आणि मी मूल्यमापनाचा तक्ता घेऊन मागच्या भिंतीशी बसले होते. पाठाचा विषय होता माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांनी सजवलेली लाकडी चौकट. तिने घरून लाकडी पट्ट्यांची छोटी चौकट करून आणली होती आणि तिला चिबूड, तोरिंग, शहाळे, सुपारीचा घोस अशी एकेक वस्तू मुलांच्या हातांनी बांधून घेण्याचा तिचा बेत होता. पाठ टाचण उत्तम होते. बाहेर पावसाची एकामागून एक सर येत होती आणि पत्र्यांवरच्या आवाजामुळे तिला आवाज चढवून बोलावे लागत होते.

पंधरा मुलांपैकी चौदा चौकटीभोवती गोळा झाली. चार वर्षांचा एक मुलगा खिडकीखाली बसून राहिला. त्याचे आईवडील उत्तर कर्नाटकातून आलेले, वडील औद्योगिक वसाहतीत कामाला. जूनमध्ये तो अंगणवाडीत दाखल झाला तेव्हापासून छात्राध्यापिकेच्या निरीक्षण वहीत त्याच्याविषयी तीन नोंदी झाल्या होत्या. पहिली, ‘लाजाळू आहे.’ दुसरी, ‘मराठी व कोंकणी समजत नसल्याने सहभाग कमी.’ तिसरी, ‘हट्टी आहे, लक्ष देत नाही.’ पहिल्या दोन नोंदींखाली माझी सही होती. घरी कन्नड आणि इथे मराठी-कोंकणी, तेव्हा मूल गप्प राहणारच, हे स्पष्टीकरण मला इतके पटण्याजोगे वाटले होते की मी पुढे काहीच विचारले नव्हते.

तिसऱ्या नोंदीपाशी मात्र मी अडखळले. ‘लाजाळू’पासून ‘हट्टी’पर्यंतचा प्रवास दोन महिन्यांत झाला होता आणि या दोन महिन्यांत मुलाने नेमके काय केले ते वहीत कुठेच नव्हते. पाठ संपल्यावर मी तिला विचारले, “हट्टी आहे असे तू लिहिलेस, म्हणजे तू काय पाहिलेस?” ती म्हणाली, “मॅडम, हाक मारली तर ऐकत नाही. कधी ऐकतो, कधी मुद्दाम ऐकत नाही.” सेविका बाईंनीही मान डोलावली, “सोंगाडो आसा तो, ऐकपाचें आसलें की आयकता.”

मी तिला सांगितले की आता दहा मिनिटे काही शिकवू नकोस, कोपऱ्यात बस, त्या एकाच मुलाकडे पाहा आणि दिसेल तेवढेच लिही, एकही विशेषण वापरू नकोस. तिने लिहिलेले पान मी नंतर मागून घेतले. त्यातला मजकूर असा होता :

‘10.40 – सेविका बाईंनी हात धुवायला सांगितले. सगळी मुले उठली. तो बसून. शेजारची मुलगी उठलेली पाहून उठला.
10.43 – मी मागून दोनदा नाव घेतले. वळला नाही. पाऊस चालू होता.
10.44 – समोर जाऊन नाव घेतले. माझ्या तोंडाकडे पाहिले. हसला.
10.47 – सेविका बाईंनी घुमट वाजवून दाखवला. तो धावत आला. घुमटाच्या मडक्यावर दोन्ही तळवे ठेवले. काढले नाहीत.’

शेवटची ओळ लिहून तिने माझ्याकडे पाहिले आणि तिचा चेहरा उतरला. मला काही समजावून सांगावे लागले नाही. वर्गात आम्ही शिकवतो की लहान मुलांची घसा आणि मध्यकर्ण जोडणारी नळी मोठ्यांच्या नळीपेक्षा आखूड आणि आडवी असते, त्यामुळे सर्दीनंतर पडद्यामागे पाणी साचणे या वयात सहज घडते. अशा मुलाला आवाज अजिबात येत नाही असे नसते, तो दबून येतो. ढोल ऐकू येतो, ओरडणे ऐकू येते, पण ‘स’, ‘फ’ यांसारखी हलकी व्यंजने निसटतात, आणि पाणी कमीजास्त होते तसे ऐकणेही एका दिवशी बरे, दुसऱ्या दिवशी वाईट होते. म्हणूनच मोठ्यांना ते सोंग वाटते. हे सगळे तिने परीक्षेत बिनचूक लिहिले होते आणि मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले होते, तरीही खिडकीखाली बसलेल्या मुलाला ते लागू पडेल असे आम्हा दोघींच्याही मनात आले नव्हते.

साडेबाराला त्याची आई न्यायला आली. तिच्याशी थोडे हिंदी, थोडे कोंकणी असे बोलत मी विचारले की घरी, कन्नडमध्ये हाक मारली तर तो लगेच येतो का. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली की नाही, तीनतीनदा मारावी लागते, टीव्हीचा आवाजही तो वाढवत बसतो, बाप म्हणतो वांड आहे. भाषेचे स्पष्टीकरण तिथेच कोसळले, कारण आईच्या भाषेतली हाकही त्याच्यापर्यंत नीट पोचत नव्हती. मागच्या पावसाळ्यात त्याचा कान दोनदा फुटला होता आणि तिने कोमट तेल घातले होते. तेल घालू नका, एवढेच मी ठामपणे सांगितले. त्यापुढचे निदान करणे हे शिक्षिकेचे काम नव्हे आणि मुलाला काय झाले आहे हे आईला आम्ही सांगून टाकणे चुकीचे ठरले असते. आम्ही काय पाहिले ते सांगायचे आणि योग्य जागी पाठवायचे, इतकेच आमच्या हाती असते.

2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी अपेक्षित आहे आणि कानाचे आजार तिच्या यादीत आहेत. पथक येऊन गेले तेव्हा हे मूल दाखलच झालेले नव्हते, आणि पुढच्या फेरीपर्यंत थांबणे आम्हाला बरे वाटले नाही. सेविका बाईंनी, ज्यांनी सकाळी त्याला सोंगाडो म्हटले होते, दुसऱ्याच दिवशी रजा काढून मायलेकरांना प्राथमिक आरोग्य केंद्रात नेले आणि तिथून पुढची चिठ्ठी घेऊन बांबोळीला गोमेकॉच्या, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या कान-नाक-घसा विभागातही त्याच सोबत गेल्या. दोन्ही पडद्यांमागे पाणी होते. असे पाणी पुष्कळदा आपोआप ओसरते, म्हणून डॉक्टरांनी तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचे ठरवले.

मधल्या काळात करण्याजोगे जे होते ते सगळे अंगणवाडीतच होते. त्याची जागा खिडकीखालून हलवून शिक्षिकेच्या समोर आणली. बोलण्याआधी खांद्याला हात लावायचा, उजेड आपल्या तोंडावर पडेल असे बसायचे, आणि सर आली की गोष्ट थांबवून चित्रे किंवा माती काढायची, असे ठरले. छात्राध्यापिकेने ‘हट्टी’ ही नोंद खोडली नाही. तिच्यावर तारीख घालून पुढे लिहिले, ‘हे मी पाहिलेले नव्हते.’

त्या पाठाला गुण देताना माझी पंचाईत झाली. आमच्या मूल्यमापनाच्या तक्त्यात आवाज, प्रस्तावना, साहित्य, वर्गनियंत्रण यांना रकाने होते, पण मुलाला पाहण्यासाठी एकही नव्हता. 2022 च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने या वयात परीक्षेऐवजी निरीक्षणावर भर दिला आहे आणि आम्ही तो अभ्यासक्रमात शिकवतोही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी मुले बालवाडीत येत नाहीत म्हणून बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली, हेही शिकवतो. त्या तक्त्याने मात्र आम्ही शिक्षिकेच्या कसरतीलाच गुण देत आलो होतो. पुढच्या सत्रापासून पहिले तीन आठवडे छात्राध्यापिकांनी पाठ घ्यायचा नाही, रोज एका मुलाची दहा मिनिटांची नोंद तेवढी करायची, अशी मागणी मी विभागाच्या बैठकीत केली. पाठांची संख्या कमी पडेल म्हणून विरोध झाला आणि शेवटी दोन आठवड्यांवर तडजोड झाली. मला तिसरा आठवडा अजूनही हवा आहे.

डिसेंबरमधल्या तपासणीत त्याचा उजवा कान मोकळा झाला होता, डाव्यासाठी पुढची तारीख मिळाली होती. त्या आठवड्यात मी गेले तेव्हा तो चौकटीभोवतीच्या मुलांमध्ये बसला होता आणि ‘चिबूड’ म्हणताना ‘चिबूल’ म्हणत होता. छात्राध्यापिका त्याच्या उजव्या बाजूला बसली होती. तिने त्याला दुरुस्त केले नाही. तिने तो शब्द स्वतः नीट उच्चारला आणि तो पुन्हा तिच्या ओठांकडे पाहू लागला.